माशासाठी सिम कोण पोर्ट करणार?

नांदणीच्या मठातली माधुरी हत्तीण २८ जुलै २०२५ ला गुजरातमधल्या वनताराकडे निघाली, तेव्हा आठवडाभर माझ्या फोनवर दुसरं काही दिसतच नव्हतं. तिच्या डोळ्यांतलं पाणी दाखवणारे रील, स्टेटस, दोन लाखांवर सह्या, धडाधड पोर्ट झालेली जिओची सिमं. ३ ऑगस्टला नांदणीहून कोल्हापूरच्या कलेक्टर कचेरीपर्यंत सुमारे ४५ किलोमीटरचा मोर्चा आला. कोर्ट बरोबर की मठ, या वादात मी पडत नाही. त्या मायेलाही नावं ठेवत नाही. ती कुणाच्या वाट्याला येते, याबद्दल मात्र मला भांडायचंय.

नांदणी शिरोळ तालुक्यात आहे. त्याच तालुक्यात तेरवाडचा बंधारा आहे, आणि तिथं पंचगंगेत मेलेल्या माशांचा खच पडल्याच्या बातम्या वर्षानुवर्षं येतायत. आमच्या उचगावातून हायवेला लागून शिरोलीकडे निघालं की पुलाखाली हीच नदी. शहराचं सांडपाणी, कारखान्यांचं मळीमिश्रित पाणी तिच्यात कुजतं, आणि कुजताना पाण्यातला ऑक्सिजन संपवतं. मग मासे वर येऊन तोंड वासतात. आवाज नाही, अश्रू नाहीत, पापण्यासुद्धा नाहीत. रील कशाचं करणार? पंचनामा होतो, पाण्याचे नमुने जातात, विषय संपतो.

'मासे तर आपण खातोच की!' असं म्हणणारे भेटतात. अरे, खातोस म्हणून तरी बघ त्याच्याकडे!

दुसरा युक्तिवाद जरा शहाणा आहे: मोठं, देखणं जनावर वाचवलं की त्याच्या जंगलासोबत बारकेही वाचतात. काही वेळा हे खरं आहे. राधानगरीचं अभयारण्य गव्याच्या नावानं ओळखलं जातं, आणि त्या आडोशाला बेडूक, सरडे, पाली सगळेच जगतात. पण मठातल्या हत्तिणीमागं कुठलं जंगल वाचतं? आणि पंचगंगेत कुठला गवा आहे?

राधानगरीवरून आठवलं. २००९ मध्ये शास्त्रज्ञांनी एका नव्या पालीची नोंद केली आणि तिला आपल्याच जिल्ह्याचं नाव दिलं, निमास्पिस कोल्हापुरेन्सिस. दिवसा फिरणारी, बोटाएवढी पाल. कोल्हापूरचं नाव निघालं की तांबड्या-पांढऱ्यापासून चपलेपर्यंत सगळ्याचा अभिमान असणारे आपण. या नावाची पाल आहे हे किती जणांना ठाऊक आहे? घरात पाल दिसली तर आपला हात आधी झाडूकडं जातो.

त्या आठवड्यात आपण एवढ्या मोठ्या कंपनीला दखल घ्यायला लावली. वनतारानं नांदणीजवळच पुनर्वसन केंद्र उभारायची तयारी दाखवली. म्हणजे कोल्हापूरकरांच्या अंगठ्यात ताकद आहे, हे सिद्ध झालंय. येत्या उन्हाळ्यात तेरवाडला पाणी काळं पडलं की तोच अंगठा वापरा. सांडपाण्यावर प्रक्रिया किती होते, मळी कुणी सोडली, नमुन्यांचा अहवाल कुठंय, एवढंच विचारा. हवं तर एखाद्या माशाचं नाव माधुरी ठेवा.