मालकाला भरपाई, गुलामाला तंबी

मी गोदी कामगार, मला आधी बंदर दिसतं. गॅल्व्हस्टन, टेक्सास. १९ जून १८६५ ला जनरल ग्रेंजरनं तिथं हुकूम काढला: गुलाम मोकळे! अरे, लिंकनचा जाहीरनामा १ जानेवारी १८६३ चा. मधली अडीच वर्षं फुकटचा घाम कुणी गिळला? वर त्याच हुकुमात तंबी: आहात तिथंच गुमान राहा, मजुरीवर राबा, आळस खपणार नाही. आळशी कोण रे, चाबूकवाला की कापूस वेचणारा?

तरी काळ्यांनी सण केलाच. १८७२ ला ह्यूस्टनमध्ये वर्गणी काढून दहा एकर जागा घेतली, नाव इमॅन्सिपेशन पार्क. गोऱ्या सरकारची सुट्टी आली २०२१ ला. भरपाई म्हणाल तर वॉशिंग्टनमध्ये १८६२ लाच वाटली, डोईमागं तीनशे डॉलरपर्यंत. मालकांना!