पाळीचं दुखणं म्हणजे तप नव्हे



आज जरा स्पष्ट लिहिते. पाळीच्या दिवसांत आपल्या घरांत मुलीवर बारीक लक्ष असतं. ती कशाला शिवली, देवघराकडे गेली का, सोवळ्याच्या भांड्याला हात लागला का, हे बघायला चार माणसं असतात. पोटात किती दुखतंय हे विचारायला बहुतेक वेळा कुणी नसतं. बाजूला बसणं पाळावं की नाही, हा वाद आज नको. पाळणाऱ्या घरांत आणि न पाळणाऱ्या घरांतही दुखण्यावरचं उत्तर एकच असतं : "सहन कर, तेवढीच कर्माची निर्जरा."

माझं भांडण या वाक्याशी आहे.

असातावेदनीय कर्माच्या उदयाने वेदना होते, हे मान्य. पण फळ देऊन कर्म झडणं ही सविपाक निर्जरा झाली. ती मुंगीपासून माणसापर्यंत प्रत्येक जिवाची रोज होते. तपाने होते ती निर्जरा वेगळी, आणि तिला समता लागते. गुडघे पोटाशी घेऊन तळमळणारी चौदा वर्षांची पोर समतेत नसते. "हे कधी थांबेल?" एवढं एकच तिच्या मनात चालू असतं. याला आपल्याकडे पीडाचिंतन म्हणतात, आणि ते आर्तध्यानात मोडतं. आर्तध्यानाने कर्म बांधलं जातं. म्हणजे ज्याला आपण निर्जरा म्हणतो, त्यात नवीन बंधच पडतो.

कुणी म्हणेल, बावीस परिषहांत रोग परिषह आहेच की. आहे, पण तो महाव्रत घेतलेल्या मुनींसाठी सांगितलेला. आणि मुनी-आर्यिकांनासुद्धा आजारात आपण आहाराच्या वेळी शुद्ध औषध देतोच ना? चार दानांत औषधदान आहे. आजाऱ्याची सेवा, म्हणजे वैयावृत्त्य, हे अंतरंग तप आहे. त्यागींना औषध देताना पुण्य मिळतं, मग घरच्या लेकीला गोळी देताना हात का आखडतो?

आता दुखण्याचं कारण. पाळीत गर्भाशयाच्या आतल्या थरात प्रोस्टाग्लँडिन नावाचं द्रव्य तयार होतं. ते जास्त झालं की गर्भाशय जोरात आवळतं आणि कळा येतात. मळमळ, जुलाबही त्यानेच होतात. हे नाटक नाही आणि नाजूकपणाही नाही. आयबुप्रोफेन किंवा मेफेनॅमिक ॲसिडच्या गोळ्या हे द्रव्य तयार होणंच कमी करतात. म्हणून दुखणं सुरू होताच घेतलेली गोळी चांगली लागू पडते. असह्य होईपर्यंत थांबून घेतली की "गोळीनेही काही झालं नाही" म्हणायची वेळ येते. ॲसिडिटी, अल्सर, दमा, किडनीचा त्रास असेल किंवा दिवस राहिल्याची शंका असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा.

ही गोळी उपाशीपोटी घ्यायची नसते. म्हणून दशलक्षणात कळा येत असताना उपवास ओढून नेणाऱ्या सुनेचं कौतुक मला बघवत नाही. षोडशकारण भावनांत तप 'शक्तितः' सांगितलंय, म्हणजे शक्तीप्रमाणे. रात्रीचा त्याग असेल तर सूर्यास्तापूर्वी जेवणानंतर गोळी घ्या. पण तिचा असर सहा-आठ तासच टिकतो, हे लक्षात असू द्या. कॅप्सूलच्या जिलेटीनची अडचण असेल तर साधी गोळी मागा. गरम पाण्याची पिशवी पोटावर धरा, तिने खरंच आराम पडतो. आलं चालत नसलं तरी सुंठ बहुतेक घरांत चालते.

"गोळ्यांनी पुढे मूल होत नाही" हे तर साफ खोटं आहे. पाळीचे दोन-तीन दिवस नीट घेतलेल्या या गोळ्यांनी वंध्यत्व येत नाही. आणि "लग्न झालं, एक बाळंतपण झालं की थांबेल" हे काय औषध झालं? काहींचं थांबतं, काहींचं नाही. तोवर दहा वर्षं त्या मुलीने काय करायचं?

काही दुखणी साधी नसतातही. दर महिन्याला वाढत जाणारं, पाळी नसतानाही उठणारं, शौचाला किंवा संबंधाच्या वेळी होणारं, गोळीला न जुमानणारं, शाळा बुडवणारं दुखणं असेल तर स्त्रीरोगतज्ज्ञाकडे जा. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते जननक्षम वयातल्या साधारण 10 टक्के स्त्रियांना एंडोमेट्रिओसिस असतो, आणि निदानाला अनेकदा वर्षानुवर्षं लागतात. सोनोग्राफी नॉर्मल आली म्हणजे तो नाहीच, असंही नसतं. "सगळ्यांचंच दुखतं" म्हणणाऱ्या आपण बायकाच त्या वर्षांत भर घालतो.

अहिंसेचं व्रत घेतलेल्या आपण पाणी गाळून पितो, चालताना खाली बघून चालतो. त्याच घरात एक जीव महिन्यातून दोन दिवस तळमळतो आणि आपण त्याला धर्म सांगतो. येत्या पाळीला लेकीला, सुनेला आधी "दुखतंय का गं?" एवढं विचारा. ती हो म्हणाली तर दोन घास भरवा आणि गोळी हातात द्या.