खुराक ठेवला, मेहनत कुठं गेली?

कोल्हापूरकरहो,

गच्च्यांवर मिरच्या वाळत पडल्यात आणि डंकावर नंबर लागलेत. पुढच्या पंधरा दिवसांत घराघरांतली वर्षाची चटणी कांडून बरण्यांत जाईल. त्याआधी हे तुमच्या कानावर घालायचं आहे, म्हणून घाईनं लिहितोय.

चटणीत मीठ पडतंच. कांदा-लसूण ओला असतो, मीठ कमी झालं तर चटणी टिकत नाही, तेव्हा तिथं हात आखडा असं मी म्हणणार नाही. पण हीच चटणी उद्या दोन चमचे आमटीत जाते आणि मागोमाग, चव न बघता, चिमटीच्या अंदाजानं पुन्हा मीठ जातं. शेजारी पापड, खर्डा, लोणचं असतंच. जागतिक आरोग्य संघटना माणशी दिवसाला ५ ग्रॅमच्या आत मीठ सांगते. म्हणजे चहाचा एक सपाट चमचा, आणि त्यात दिवसभराचं सगळं आलं. मिठाचा नवा पुडा फोडाल तेव्हा त्यावर तारीख लिहा. चार माणसांच्या घरात एक किलो मीठ पन्नास दिवस पुरायला हवं, आणि चटणी-पापडातलं मीठ यात धरलेलंच नाही. आमच्या घरात पुडा एकोणतिसाव्या दिवशी रिकामा झाला. बायकोला वाटलं मोलकरीण नेते. मोलकरणीनं हिशेब मांडला तेव्हा दोघांचीही तोंडं बंद झाली.

घाई का, तर रक्तदाब दुखत नाही. दाढ दुखली तर माणूस रात्री डॉक्टरचं दार ठोठावतो. रक्तदाब मात्र दहा वर्षं गपचूप मूत्रपिंड, हृदय, डोळे खात बसतो आणि एके दिवशी तोंड वाकडं झाल्यावरच घरच्यांना कळतो. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेचा देशभराचा अभ्यास २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातला अंदाज असा: १०.१ कोटी लोकांना मधुमेह, १३.६ कोटी लोक त्याच्या उंबरठ्यावर, आणि ३१.५ कोटींना उच्च रक्तदाब. उंबरठ्यावरच्यांना अजून मागं फिरता येतं. हे पत्र मुख्यतः त्यांच्यासाठी आहे.

आता आपल्या गावाचं. शाहू महाराजांनी खासबाग मैदान बांधलं, पेठांपेठांत तालमी जगवल्या, मल्ल पोसले. त्या मल्लांचा खुराक आपण वारशानं घेतला: तूप, बदामाची थंडाई, मटण, दूधकट्ट्यावरचं धारोष्ण दूध. (दूध तापवून प्या. धारोष्णाच्या नादात नको ते रोग पोटात जातात.) पण तो खुराक हजार-हजार जोर-बैठका मारणाऱ्याचा होता. आपण बिंदू चौकातून भवानी मंडपात जायचं म्हटलं तरी गाडीला किक मारतो. खुराक ठेवला आणि मेहनत सोडली.

शिवाय आपल्याकडं ‘तब्येत केलीय’ म्हणजे पोट सुटलंय, आणि ते कौतुकानं म्हणायचं. खाशाबा जाधव आपल्याच राजाराम कॉलेजचे. १९५२ साली हेलसिंकीला त्यांनी कांस्यपदक घेतलं ते ५७ किलोच्या गटात. तब्येत ती.

माझं स्वतःचं सांगतो. एका शिबिरात सहज बाही वर केली तर आकडा १६० वर १०० निघाला. डॉक्टरांनी गोळी दिली, ती चालू आहे. (तुमचीही चालू असेल तर माझं वाचून बंद करू नका.) व्यायाम करा म्हणाले, म्हणून तीस वर्षांनी तालमीत गेलो आणि जुन्या रगीत पहिल्याच दिवशी पन्नास बैठका मारल्या. पुढचे चार दिवस जिना उतरताना कठडा धरून उलटा उतरत होतो. पाचव्या दिवशी वस्ताद म्हणाले, “पाचच मार. सहावी मारलीस तर उद्या दारात उभा करणार नाही.” मला राग आला. पाच बैठका म्हणजे पोराटोरांचा खेळ. पण ते हौद्याच्या कडेला उभं राहून मोजत होते, सहावी मारायची सोयच नव्हती. दुसऱ्या आठवड्यात सात केल्या, तिसऱ्यात नऊ. नवा पोरगा आला की वस्ताद हेच करतात: पोटात भूक ठेवून घरी पाठवतात, म्हणजे तो उद्या परत येतो. जानेवारीत जिमचे वर्षाचे पैसे भरून फेब्रुवारीत घरी बसणाऱ्यांना हा वस्ताद भेटलेला नसतो.

आता मी तालमीत रोज जात नाही. सकाळी गॅसवर चहा ठेवतो आणि उकळी येईपर्यंत ओट्याला धरून बैठका मारतो. वेळ वेगळा काढावा लागत नाही, आणि चहा काही कोल्हापुरात चुकत नाही. गुडघे दुखत असतील तर खुर्चीवरून उठबस करा. छातीत दुखत असेल, चालताना धाप लागत असेल, तर आधी डॉक्टर.

चालण्याचंही तसंच. आठवड्याला किमान १५० मिनिटं झपाट्यानं चालावं असं सांगतात. रंकाळ्यावर रोज जाणं जमेल त्यानं जावंच, पण ज्याला जमत नाही त्यानं रात्री जेवल्यावर दहा मिनिटं गल्लीत फेऱ्या माराव्यात. जेवणातली साखर रक्तात चढत असते तेव्हाच पायांचे स्नायू ती वापरून टाकतात. घरातल्या बाईला भांड्यांपाशी सोडून एकट्यानं फिरायला जाऊ नका. आधी भांडी दोघांनी घासा, मग दोघं निघा.

चहातल्या गुळाबद्दल बोललो तर गाव अंगावर येईल, तरी बोलतो. आपल्या गुळाला भौगोलिक मानांकन आहे, अभिमान मलाही आहे. पण मधुमेहाला तो साखरेचा चुलतभाऊ नाही, सख्खा भाऊच आहे. दिवसात चार कप, कपाला दोन चमचे, म्हणजे पस्तीस-चाळीस ग्रॅम झाले. पंचवीसच्या आत राहिलेलं बरं. आठवड्याला अर्धा चमचा कमी करत या, जिभेला पत्ता लागत नाही. मिसळ सोडा असं मी सांगणार नाही. रविवारी खा, कट मागून घ्या. रोज सकाळी ब्रेडबरोबर नको, एवढंच.

तालीम मंडळांना माझी हात जोडून विनंती आहे. शाहू स्टेडियमवर बावीस जण पळतात आणि आपण हजारोंनी बसून शिट्ट्या मारतो, तेही चालू दे. पण गणपतीची वर्गणी मागायला आपण ज्या दारात जातो, त्याच दारात चाळिशीपुढच्यांना बोलवायला जा. सकाळी सहा ते सात तालमीचं दार त्यांच्यासाठी उघडा. कोपऱ्यात एक वजनकाटा, एक रक्तदाबाचं यंत्र ठेवा. बायकांसाठी वेगळी वेळ द्या आणि ती दारावर मोठ्या अक्षरांत लिहा. कुस्ती शिकवायची नाही, फक्त मोजणारा एक वस्ताद उभा हवा.

आणि तीस वर्षांपुढच्या प्रत्येकानं या आठवड्यात एकदा रक्तदाब आणि उपाशीपोटी साखर मोजून घ्या. सरकारी आरोग्य केंद्रात ही तपासणी मोफत होते. रक्तदाब १४० वर ९०, किंवा उपाशीपोटी साखर १२६ भरली, तर डॉक्टरांना दाखवून पुन्हा मोजून घ्या. साखर १०० ते १२५ मध्ये असेल तर तुम्ही उंबरठ्यावर आहात. कागद घडी घालून कपाटात ठेवू नका. स्वयंपाकघरात, चटणीच्या बरणीशेजारी चिकटवा.