हृदयाचे कौतुक, खुराची उपेक्षा

१९७३च्या बेल्मॉन्ट शर्यतीत अमेरिकेच्या सेक्रेटेरियट या घोड्याने दीड मैल २ मिनिटे २४ सेकंदांत पार केले. त्या शर्यतीतला हा विक्रम अजून अबाधित आहे. त्याच वर्षी निवृत्त होऊन तो केंटकीतल्या क्लेबोर्न फार्मवर पैदाशीसाठी गेला. १९८९मध्ये, वयाच्या १९व्या वर्षी, त्याला दयामरण द्यावे लागले. त्याचे हृदय सुमारे १० किलोचे, सामान्य घोड्याच्या दुपटीहून मोठे असावे, असा अंदाज पशुवैद्यकांनी केला. तेव्हापासून चर्चा हृदयाचीच होते.

पण त्याचा जीव घेतला खुराच्या आजाराने, लॅमिनायटिसने. खुराच्या कवचाला आतले हाड धरून ठेवणारे नाजूक पापुद्रे सुजतात, पकड सुटते आणि शरीराच्या भाराने हाड खाली सरकते. मग प्रत्येक पाऊल म्हणजे यातना. धान्याचा अतिरेक, स्थूलपणा, इन्सुलिनचे असंतुलन ही त्याची काही कारणे. बळावलेल्या आजारावर हमखास इलाज नाही; म्हणून मोजका आहार आणि खुरांची नियमित तपासणी महत्त्वाची.

विजेत्याची किंमत केवळ त्याच्या वंशावळीतून वसूल करणे पुरेसे नाही. शर्यतींच्या उत्पन्नातला ठरावीक वाटा निवृत्त घोड्यांच्या देखभालीला आणि या आजारावरील संशोधनाला मिळालाच पाहिजे. धावणे थांबले तरी घोड्याला त्याच चार पायांवर उभे राहायचे असते.