कॅप्टन मॅकव्हे यांचा गुन्हा नेमका काय होता?

"जहाज बुडालं की कॅप्टन दोषी, विषय संपला." हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलं आहे की आता चीड येते. अंदमानच्या पोस्टिंगमध्ये तिन्ही दलांचे अधिकारी एकाच मेसमध्ये जेवायचे आणि नौदलाचा विषय निघाला की हे वाक्य ताटात वाढलेलंच असायचं. परवा माजी सैनिकांच्या एका ग्रुपवर ते पुन्हा आलं, तेही 'इंडियानापोलिस' या अमेरिकन क्रूझरचा दाखला देऊन. दाखला देणाऱ्याने प्रकरण मुळातून वाचलेलं नाही, एवढं त्यावरून कळलं.

हे जहाज १९३२ साली अमेरिकी नौदलात दाखल झालं. युद्धात ते अ‍ॅडमिरल स्प्रुअन्स यांचं फ्लॅगशिप होतं. ३१ मार्च १९४५ ला ओकिनावाजवळ कामिकाझे विमान त्याच्यावर आदळलं, नऊ खलाशी गेले, बूड फाटलं. तशा अवस्थेत कॅप्टन चार्ल्स मॅकव्हे यांनी ते स्वतःच्या इंजिनांवर प्रशांत महासागर ओलांडून कॅलिफोर्नियाच्या गोदीत आणलं. ग्रुपवरच्या मंडळींना हा भाग कधी आठवत नाही. दुरुस्तीनंतर १६ जुलैला सॅन फ्रान्सिस्कोहून निघून त्याने हिरोशिमावर पडलेल्या अणुबॉम्बचे भाग २६ जुलैला टिनियन बेटावर पोचवले. पेटीत काय आहे हे मॅकव्हेंनाही सांगितलेलं नव्हतं.

पुढचा हुकूम होता ग्वामहून फिलिपिन्समधल्या लेटेला जाण्याचा. इथून पुढे प्रत्येक गोष्ट नीट बघा. या क्रूझरवर पाणबुडी शोधण्याचं सोनार नव्हतं, ते काम सोबतच्या विनाशिकेचं. मॅकव्हेंनी सोबत मागितली. उत्तर मिळालं, गरज नाही. चारच दिवस आधी, २४ जुलैला, फिलिपिन्सच्या समुद्रात जपानी पाणबुडीच्या हल्ल्यात 'अंडरहिल' हे जहाज बुडालं होतं. मॅकव्हेंना ते सांगितलं नाही. जपानी संदेश फोडून त्या भागात पाणबुड्या फिरत असल्याची माहिती वरच्यांकडे होती. तीही सांगितली नाही, का तर गुप्तता! ज्या माणसाला त्या पाण्यातून हजारावर माणसं न्यायची होती त्याच्यापासूनच गुप्तता.

३० जुलैला मध्यरात्रीनंतर 'आय-५८' या पाणबुडीचे दोन टॉर्पेडो लागले. साधारण बारा मिनिटांत जहाज तळाला. ११९५ पैकी सुमारे ३०० जण जहाजाबरोबरच गेले, ९०० च्या आसपास पाण्यात पडले.

आता खरी लाज वाटावी अशी गोष्ट. जहाज ३१ जुलैला लेटेला पोचायचं होतं. पोचलं नाही. कोणी विचारलंच नाही. लढाऊ जहाज बंदरात आलं की त्याची वर्दी द्यायची नाही, असा लेखी नियम होता. बाबूलोकांनी त्याचा अर्थ लावला की आलं नाही तरी वर्दी द्यायची नाही. आपल्याकडे साधी पेट्रोल पार्टी वेळेवर चौकीत परतली नाही तर अर्ध्या तासात रेडिओ सेट तापतो. इथे अख्खी क्रूझर गायब, आणि किनाऱ्यावरच्या फळ्यावर ती पोचल्याचं धरून चाललेलं. २ ऑगस्टला गस्तीवरच्या विल्बर ग्विन या वैमानिकाला तेलाचा तवंग दिसला, तोही योगायोगाने. एड्रियन मार्क्सने खवळलेल्या समुद्रात आपलं कॅटालिना विमान उतरवलं आणि ५६ जणांना उचललं, काहींना तर पंखांवर बांधून ठेवलं. एकूण वाचले ३१६.

'जॉज' सिनेमामुळे लोकांना या प्रकरणात शार्कच तेवढे आठवतात. (सिनेमात तारीखही चुकीची आहे.) शार्क होते, माणसं खाल्ली, खरं आहे. पण त्याहून जास्त माणसं तहानेने, खारं पाणी पिऊन, उन्हाने आणि जखमांनी गेली, म्हणजेच उशिराने गेली. शार्कवर बोट दाखवणं सोयीचं, कारण शार्कच्या टेबलावर फाईल नसते.

डिसेंबर १९४५ मध्ये कोर्ट मार्शल झालं ते मॅकव्हेंचं. अ‍ॅडमिरल निमिट्झ यांचं मत होतं की लेखी ठपका पुरे. अ‍ॅडमिरल किंग यांनी खटलाच हवा म्हणून धरलं. आरोप दोन. जहाज सोडण्याचा हुकूम वेळेत दिला नाही, हा टिकला नाही. दुसरा, झिगझॅग मार्गाने जहाज न नेता धोक्यात घातलं. झिगझॅग करायचं की नाही हे हुकुमातच कॅप्टनच्या मर्जीवर सोडलेलं होतं. आणि साक्षीला कोणाला आणलं? ज्याने जहाज बुडवलं त्या मोचित्सुरा हाशिमोतोला! त्याने सांगितलं, झिगझॅग असतं तरी मी बुडवलंच असतं. अमेरिकन पाणबुडीचा अनुभवी कप्तान डोनाहो यानेही झिगझॅगचा फारसा उपयोग नसल्याचं सांगितलं. तरी मॅकव्हे दोषी. त्या युद्धात अमेरिकेची शेकडो जहाजं बुडाली. शत्रूने जहाज बुडवलं म्हणून कोर्ट मार्शल झालेला कॅप्टन हा एकच.

माझ्या नौदलातल्या मित्रांनो, मला माहीत आहे तुम्ही काय म्हणाल. कमांड म्हणजे जबाबदारी, ती वाटून देता येत नाही. मान्य. मीही कंपनी कमांड केली आहे. जवान गेला की त्याच्या आईसमोर सीओच उभा राहतो, आणि राहिलाच पाहिजे. पण जबाबदारी आणि गुन्हा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आरोपपत्रावर 'तू जबाबदार होतास' असं लिहिता येत नाही, केलेली चूक दाखवावी लागते. इथे दाखवलेल्या चुकीने काही फरक पडला नसता, हे सरकारी बाजूनेच आणलेल्या साक्षीदाराने सांगितलं.

कोणीतरी लगेच 'खुकरी'चं नाव काढतो. ९ डिसेंबर १९७१ ला दीवजवळ कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला जहाजाबरोबर गेले, १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिकांसह. महावीर चक्र. त्यांना माझा सलाम, कायमचा. पण मुल्लांच्या मरणाचा दाखला देऊन मॅकव्हेंच्या जगण्याला आरोप ठरवू नका. मॅकव्हे पळाले नव्हते, तेही आपल्या माणसांबरोबर त्याच पाण्यात होते.

शिक्षा पुढे माफ झाली. ते १९४९ मध्ये निवृत्त झाले. मेलेल्या मुलांचे आई-बाप त्यांना वर्षानुवर्षं पत्रं लिहीत राहिले, शिव्याशाप देणारी. ६ नोव्हेंबर १९६८ ला त्यांनी स्वतःच्या पिस्तुलाने जीव दिला. किनाऱ्यावरच्या ज्या अधिकाऱ्यांना ठपक्याची पत्रं मिळाली होती, ती मात्र नंतर गुपचूप मागे घेतली गेली.

नाव साफ करायला उठले ते वाचलेले खलाशी आणि हंटर स्कॉट नावाचा बारा वर्षांचा शाळकरी मुलगा. म्हातारा हाशिमोतोही त्यात होता, १९९९ मध्ये त्याने अमेरिकन सिनेटर वॉर्नर यांना पत्र लिहून मॅकव्हेंची बाजू घेतली. ऑक्टोबर २००० मध्ये अमेरिकन काँग्रेसचा ठराव झाला, त्याच महिन्यात हाशिमोतो वारला. जुलै २००१ मध्ये तो ठराव मॅकव्हेंच्या सेवा-नोंदीत जोडला गेला. कोर्टाचा मूळ निकाल मात्र रद्द झालेला नाही. फाईलमध्ये दोन्ही कागद शेजारी शेजारी लागलेले आहेत.