बाज कोणी डिझाईन केली?

नवीन घर लावायचं म्हणून गेले दोन महिने फर्निचर डिझायनर मंडळींची 'डिझाईन फिलॉसॉफी' वाचतोय. दहा-बारा वाचल्या की साचा पाठ होतो. पहिल्या परिच्छेदात आजीचं कौलारू घर. दुसऱ्यात निसर्ग, म्हणजे झाडाची पानं, नदीतले गोटे वगैरे. तिसऱ्यात 'मटेरियलशी प्रामाणिक राहणं'. चौथ्यात 'ग्रामीण भारतातल्या कालातीत कारागिरीतून मिळालेली प्रेरणा'. आणि मग किंमत. ती बघितली की प्रामाणिकपणाचा परिच्छेद पुन्हा एकदा वाचावासा वाटतो!

माझा राग किमतीवर नाही, हे आधीच सांगून टाकतो. चांगल्या कामाचे चांगले पैसे घ्यावेत. आपण आयटीवाले तासाच्या हिशोबाने क्लायंटला बिल लावतो, आपण कुठल्या तोंडाने बोलणार? राग आहे तो 'प्रेरणा' या शब्दावर. हा शब्द फार सोयीचा आहे. 'उसनं घेतलं' म्हटलं की कोणाकडून, ते सांगावं लागतं आणि कधीतरी परत करावं लागतं. 'प्रेरणा मिळाली' म्हटलं की काहीच करावं लागत नाही. ती आपली वाऱ्यावरून येते.

उदाहरण देतो. पुण्यातल्या एका दुकानात (नाव नको) मध्यंतरी एक बाज बघितली. बाज म्हणजे खाट हो, दोरीने विणलेली. खाली पाटी होती 'हँडवोव्हन डे-बेड', त्याखाली डिझायनरचं नाव आणि किंमत अडतीस हजार. मी विचारलं, "विणली कोणी?"

"सर, आमच्या डिझायनरचा सिग्नेचर पीस आहे हा."

"ते वाचलं. पण दोरी कोणी विणली?"

"ते आमचे व्हेंडर आहेत ना, सर."

संपलं! ज्याने कागदावर माप बदललं तो डिझायनर, आणि ज्याच्या बोटांना वळ पडले तो व्हेंडर.

आता माझं गाव म्हसावद. जळगावजवळचं स्टेशनवालं नव्हे, नंदुरबार जिल्ह्यातलं, शहादा तालुक्यातलं, सातपुड्याच्या पायथ्याशी तोरणमाळच्या वाटेवरचं. तिकडे बाज ही 'सिग्नेचर' बिग्नेचर काही नसते. ती अंगणात असते. पाहुणा आला की "बसा" म्हणून पुढे ओढतात, दुपारी तिच्यावर मिरच्या वाळतात, रात्री त्याच मिरच्या झटकून माणूस झोपतो. त्यामुळे तिच्याकडे कोणी वस्तू म्हणून निरखून बघत नाही. इंजिनियर म्हणून एकदा बघा, मग कळतं काय चीज आहे ती.

चार पाय, चार गाती (गात म्हणजे पायांना जोडणारी आडवी-उभी लाकडं) आणि दोरी. बस्स. पायाला खाच, खाचेत गात ठोकून बसवलेली. खिळा नाही, फेव्हिकॉल नाही. मग दोरी आतून इतकी ताणून विणतात की तिच्याच ओढीने सांधे घट्ट राहतात. म्हणजे माणूस झोपतो ते अंथरूण आणि चौकट बांधून ठेवणारी गोष्ट एकच आहे! पायथ्याकडे हातभर जागा न विणता सोडतात आणि तिथे वेगळी दोरी ओवतात. बाज सैल पडली की फक्त ती दोरी ओढायची. त्याला मिस्त्री लागत नाही, घरातलं कोणीही करतं. एक गात मोडली तर तेवढीच बदलायची. दोरी कुजली तर लाकूड तेच ठेवून नवीन दोरी: पूर्वी अंबाडीची किंवा वाखाची, मग सुती नवार, आता नायलॉन. मटेरियल दोनदा बदललं, डिझाईन तेच राहिलं. खान्देशात मे महिन्यात पारा ४४-४५ ला टेकतो, तेव्हा पाठीखालून वारा खेळतो. आणि सगळं प्रकरण एक माणूस डोक्यावर घेऊन चालू शकतो. आपल्याकडे आर्किटेक्चर रिव्ह्यूमध्ये लोक 'मॉड्युलर' आणि 'मेंटेनेबल' म्हणून घसा कोरडा करतात ना, ते हेच.

हे असं बघणं काही माझा शोध नाही. चार्ल्स आणि रे ईम्स हे अमेरिकन डिझायनर जोडपं भारत सरकारच्या निमंत्रणावरून इथे आलं आणि १९५८ मध्ये त्यांनी 'इंडिया रिपोर्ट' लिहिला. त्यातूनच पुढे १९६१ मध्ये अहमदाबादला राष्ट्रीय डिझाईन संस्था, म्हणजे एनआयडी, उभी राहिली. खुर्च्यांसाठी जगभर गाजलेल्या या दोघांनी त्या रिपोर्टात कौतुक कशाचं केलं? तांब्याचं, म्हणजे लोटीचं! त्यांचा मुद्दा असा, की लोटी कुणा एका माणसाने डिझाईन केलेली नाही. अनेक पिढ्यांनी ती वापरत, बदलत, सुधारत नेली. बाजेचंही तेच.

पण गंमत बघा. 'कुणा एकाचं नाही' याचा अर्थ आपल्या डिझायनर मंडळींनी 'कुणाचंच नाही' असा काढला. आणि जे कुणाचंच नाही त्यावर आपलं नाव घालायला हरकत काय?

आपल्या धंद्यात हे चालत नाही. ओपन सोर्समधल्या अगदी ढिल्या लायसन्सांपैकी एक म्हणजे एमआयटीचं. कोड फुकट घ्या, बदला, विका, करोडो कमवा, कोणी काही विचारणार नाही. अट एकच: मूळ लेखकाची कॉपीराइट नोटीस आणि ते लायसन्स काढून टाकायचं नाही. गिटमध्ये प्रत्येक ओळीमागे ती कोणी लिहिली त्याचं नाव दिसतं. दुसऱ्याचा कोड घेऊन वरची नोटीस उडवली, तर त्याला आपण 'इन्स्पायर्ड' म्हणत नाही. त्याला काय म्हणतात ते तुम्हाला माहीत आहे.

"पण नावात काय एवढं?" असं म्हणणाऱ्यांसाठी चंदीगडची गोष्ट. १९५० च्या दशकात ते शहर उभं राहत असताना सरकारी कचेऱ्या, कॉलेजं, लायब्ररी यांच्यासाठी हजारोंनी खुर्च्या-टेबलं बनवली गेली. सागवान, वेत आणि ते इंग्रजी व्ही उलटा केल्यासारखे पाय. ल कॉर्ब्युझिएचा चुलतभाऊ पिएर जाँनरे याच्या देखरेखीखाली हे काम झालं. त्या चमूत युली चौधरींसारखे भारतीय वास्तुविशारद होते आणि प्रत्यक्ष बनवणारे स्थानिक सुतार होते. पुढे खुर्च्या मोडल्या, वेत फाटला, आणि सरकारी शिरस्त्याप्रमाणे त्यांचे गच्चीवर ढीग लागले आणि भंगाराच्या लिलावात त्या कवडीमोलाने गेल्या. परदेशी व्यापाऱ्यांनी त्या उचलल्या, दुरुस्त केल्या आणि युरोप-अमेरिकेतल्या लिलावांत त्याच खुर्च्या लाखो रुपयांना जाऊ लागल्या. २०११ मध्ये केंद्रीय गृहमंत्रालयाला आदेश काढावा लागला, की हा वारसा आहे, विकू नका.

आता सांगा, भंगार आणि लिलाव यांच्या मध्ये काय बदललं? लाकूड तेच, वेत तोच, सांधे त्याच सुताराचे. बदललं एवढंच, की कॅटलॉगमध्ये खाली एक नाव छापलं गेलं. म्हणजे नाव ही काही मानसन्मानाची, हारतुऱ्याची बाब नाही. नाव म्हणजे रोख पैसा आहे. ज्याचं नाव छापलं त्याच्या कामाची किंमत वाढते, ज्याचं गाळलं तो मजुरीवर राहतो. म्हणून पाटीवरून विणणाऱ्याचं नाव वगळणं हा नुसता विसराळूपणा नाही. तो त्याच्या खिशात घातलेला हात आहे.

बरं, मोठ्या माणसांना हे जमत नाही असंही नाही. जॉर्ज नाकाशिमाचं उदाहरण घ्या. हा जपानी वंशाचा अमेरिकन. तरुणपणी पाँडिचेरीत अरविंद आश्रमाच्या 'गोलकोंड' वसतिगृहाच्या बांधकामावर होता, आणि १९६४ मध्ये एनआयडीसाठी त्याने अहमदाबादेत फर्निचरही केलं. लाकडाची भेग लपवायची नाही, फुलपाखराच्या आकाराची पाचर बसवून ती तशीच दाखवायची, ही त्याची खूण. 'फिलॉसॉफी' म्हणाल तर याच्याइतकी कोणी लिहिली नसेल, १९८१ च्या त्याच्या पुस्तकाचं नावच 'द सोल ऑफ अ ट्री' आहे. पण हाच माणूस सांगायचा, की हातकाम आपण शिकलो ते १९४२ मध्ये अमेरिकन सरकारने जपान्यांना डांबलेल्या छावणीत, गेंतारो हिकोगावा नावाच्या सुताराकडून. त्याने सांगितलं म्हणून आज मी इथे ते नाव लिहू शकतोय. डेन्मार्कच्या हान्स वेग्नरने जुन्या चिनी खुर्च्या बघून १९४४ मध्ये खुर्ची केली आणि तिचं नाव चक्क 'चायना चेअर' ठेवलं. झाली का त्याची इज्जत कमी?

आणि तो ऑस्ट्रेलियातला माणूस आठवतो? २०१७ मध्ये सिडनीत एकाने खाट विकायला काढली, ९९० डॉलरना, म्हणजे तेव्हाचे पन्नास हजार रुपये. आपण सगळे किती खिदळलो त्याच्यावर! पण जाहिरात आठवा. त्याने 'पारंपरिक भारतीय डे-बेड' असं स्पष्ट लिहिलं होतं. भारताचं नाव घेतलं होतं त्याने. पुण्यातल्या पाटीवर तेवढंही नव्हतं.

आता नेहमीचे आक्षेप.

१. "गावातले लोक स्वतःच बाज सोडून प्लॅस्टिकच्या खुर्च्या आणि लोखंडी पलंग घेतात, त्याचं काय?" घेतात ना, आणि बरोबरच करतात. स्वस्त पडतं, ढेकूण होत नाहीत, विणायला दिवस मोडत नाही. बाजेवर कविता करा असं मी म्हणतच नाहीये. धडगाव-अक्कलकुव्याच्या ज्या पाड्यांना रस्ता नाही, तिथे आजारी माणसाला बांबूच्या झोळीतून खाली आणावं लागतं, पेपरवाले त्याला 'बांबूलन्स' म्हणतात. हे 'कालातीत' वगैरे नाही, लाजिरवाणं आहे. गावाला म्युझियम करून ठेवायचं नाहीये. पण शहरात जर तीच विणकला हजारोंना विकली जात असेल, तर त्यातले किती परत जातात, एवढं विचारायचंय.

२. "डिझायनर नसता तर ही कला मेलीच असती." असेल. पण मग मेळघाटात बघा. नव्वदच्या दशकात सुनील आणि निरुपमा देशपांडे धारणी तालुक्यातल्या लवाद्याला जाऊन राहिले आणि संपूर्ण बांबू केंद्र उभं केलं. २०२१ मध्ये कोरोनाने सुनीलभाऊ गेले. तिथे बांबूचं फर्निचर, घरं, राख्या असं सगळं झालं, पण कोरकू आणि बुरूड कारागीर 'व्हेंडर' राहिले नाहीत, ते शिकले आणि पुढे शिकवू लागले. कला वाचवणं म्हणतात ते हे.

३. "आमचं मटेरियल सस्टेनेबल आहे, आम्ही बांबू वापरतो." छान. पण १९२७ च्या वन कायद्यात बांबू हा 'वृक्ष' होता. स्वतःच्या बांधावरचा बांबू तोडायला आणि हलवायलाही परवानगीची भानगड. जंगलाबाहेरच्या बांबूला त्या व्याख्येतून वगळायला २०१७ उजाडलं. जंगलातल्या बांबूवर ग्रामसभेचा हक्क २००६ च्या वनहक्क कायद्याने दिला, पण गडचिरोलीच्या मेंढा-लेखाला तो प्रत्यक्षात वापरता आला २०११ मध्ये. शहरात ज्या बांबूची 'फिलॉसॉफी' होत होती, तोच बांबू खांद्यावर घेतलेला आदिवासी वर्षानुवर्षं संशयित होता. मटेरियलशी प्रामाणिक राहायचं, तर ही गोष्टही त्या माहितीपत्रकात येऊ द्या की.

४. "बाज हजार वर्षांची. नाव देणार कोणाचं?" ही पळवाट आहे. हजार वर्षांपूर्वीचा पहिला माणूस कोणी मागत नाहीये. ही, समोरची बाज, गेल्या महिन्यात जिने किंवा ज्याने विणली, तिचं नाव तुमच्या व्हेंडरच्या वहीत आहे. ते पाटीवर लिहा. सिनेमाच्या शेवटी स्पॉटबॉयचं नाव येतं, त्याने दिग्दर्शकाचा काही तोटा होत नाही.

दबाव आणला की हे होतं, हे आपण नुकतंच बघितलंय. जून २०२५ मध्ये प्राडाने मिलानच्या शोमध्ये कोल्हापुरी चपला 'लेदर सँडल' म्हणून मिरवल्या. महाराष्ट्रात गदारोळ झाला, तेव्हा मूळ भारतीय आहे हे त्यांनी मान्य केलं. वर्षअखेरीस महाराष्ट्र आणि कर्नाटकच्या चर्मोद्योग महामंडळांशी करारही झाला. कारण चपलेकडे २०१९ पासून जीआय होता आणि तिच्यासाठी भांडणारी माणसं होती. बाजेसाठी कोण भांडणार? तिच्या बाजूने बोलायला फक्त गिऱ्हाईक आहे. म्हणजे आपण.

तेव्हा पुढच्या वेळी 'हँडमेड' काही घ्याल तेव्हा तीनच प्रश्न विचारा. हे कोणी बनवलं, नाव-गावासकट? या किमतीतले त्याला किती मिळाले? आणि मोडलं तर त्याच्याकडूनच दुरुस्त करून देणार का? तिन्हींची उत्तरं मिळाली तर अडतीस हजार खुशाल मोजा, महाग नाहीत. एकाचंही नाही मिळालं, तर तुम्ही बाज घेत नाही आहात, नुसतं नाव विकत घेताय. तेही चुकीच्या माणसाचं.

अवघड वाटतं विचारायला, माहितेय. विकणारा आपल्याकडे विचित्र नजरेने बघतो. बघू दे. वडापाव घेताना आपण चटणी ताजी आहे का म्हणून दोनदा विचारतो, इथे एका पगाराचा लचका जातोय.