कला शाखेचा वैमानिक

"आता आर्ट्‌सवाले विमान चालवणार! त्यापेक्षा आपली एस.टी. बरी." कॅन्टीनमध्ये शास्त्र शाखेच्या एका मित्राने काढलेले हे उद्गार. वैमानिकाच्या परवान्यासाठी बारावीला भौतिकशास्त्र व गणित हवेच, ही अट काढून टाकण्याचा विचार चालू असल्याची बातमी 2025 साली आली, तेव्हाची ही गोष्ट. सगळे हसले. मीही हसलो, पण ते वाक्य मनातून जाईना.

ही अट काही सनातन नव्हे. ती नव्वदच्या दशकात आली; त्याआधी दहावी पुरत असे. 1929 साली भारतातला पहिला वैमानिक परवाना मिळवणारे जे. आर. डी. टाटा तर पदवीधरही नव्हते.

गणित नकोच, असे मी म्हणत नाही. मुंबईच्या मुख्य धावपट्टीला 09 आणि 27 हे आकडे आहेत, ते दिशेच्या अंशांवरून. वारा समोरून घेऊन उडायचे, म्हणून कोणत्या टोकाने निघायचे ते वारा ठरवतो. हे सारे शिकावेच लागते, त्याच्या परीक्षा असतात, वर 200 तासांचे उड्डाण. तिथे नापास करा ना! दारातच का अडवता?

आणि धावपट्टीवर केवळ गणितानेच भागते का? 27 मार्च 1977. टेनेरिफ बेटावर दाट धुके. एक जंबो विमान अजून धावपट्टीवरच आणि दुसरे त्याच धावपट्टीच्या टोकाला उभे. या दुसऱ्याचा कप्तान म्हणजे कंपनीतील वैमानिकांना शिकवणारा, जाहिरातीत छायाचित्र झळकलेला माणूस. सहवैमानिकाने रेडिओवर असे काही सांगितले, की त्याचा अर्थ 'उड्डाणाच्या जागी उभे आहोत' असाही होई आणि 'निघालो' असाही. टॉवरने पहिला अर्थ घेतला. विमान तर परवानगीवाचूनच सुटले होते! फ्लाइट इंजिनिअरने शंका काढली, ते दुसरे विमान बाजूला झाले नाही की काय? कप्तानाने ती उडवून लावली. पुन्हा कोणी विचारले नाही. 583 माणसे गेली.

त्यानंतर नियम कडक झाले. 'टेक-ऑफ' हा शब्द उड्डाणाची परवानगी देताना वा रद्द करतानाच वापरायचा. एरवी 'डिपार्चर' म्हणायचे. मुंबईच्या दोन्ही धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, म्हणून एका वेळी एकच चालते. तरी डिसेंबर 2018 मध्ये तिथे एका दिवसात हजारावर विमानांची ये-जा झाली. त्या प्रत्येकाची सूचना शब्दांतच दिली गेली आणि वैमानिकाने ती शब्दांतच परत म्हणून दाखवली. शब्दाचे दोन अर्थ कुठे होतात, हे आम्ही भाषेच्या तासाला शिकतो, त्याला काहीच किंमत नाही?

मला खरे अवघड वाटते ते दुसरेच. वरिष्ठाला पुन्हा विचारणे! आमच्या घरात आण्णांचा शब्द शेवटचा असतो. दोन वर्षांत वर्गात उभे राहून सरांना एक शंका मी विचारलेली नाही. सहवैमानिकांना हे बोलणे आता मुद्दाम शिकवतात म्हणे. आम्हांला ते कोणत्या शाखेत शिकवणार?

बाकी, अट निघाली तरी 50 लाखांच्या घरातला प्रशिक्षणाचा खर्च उरतोच. तो आकडा ऐकल्यावर शास्त्र शाखेचा आमचा मित्रही गप्प झाला. त्याचे वडीलही माझ्या वडिलांसारखेच, दुसऱ्याच्या शेतावर जातात.